एकाच पत्त्यावर

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
नेट रोज येतं.
पालथ्या पिंपावर पाट, पाटावर सहा फोन,
रात्री अकराची टूर्नामेंट,
प्रवेश फी साडेपाचशे.

तडकलेल्या काचेचा फोन सत्यनारायणचा, म्हणजे मेहुण्याचा.
त्याला सांगितलंय, पॅन कार्ड लोनसाठी हवंय.
त्याच्या नावाने मी उगाच दम देतो,
हातात दुर्री-सत्ती असली तरी.
रामव्वा काकूच्या नावाने जपून खेळतो,
काकू जन्मभर तशीच वागली.
आणि बालामणी बोद्धूल, माझी आई,
जिला गुलाम कुठला नि राजा कुठला कळत नाही,
ती अख्ख्या सोलापुरात सगळ्यात थंड डोक्याची.

आई पलीकडे सूप घेऊन बसलेली.
सुपात भिजवलेला पत्ता. आमच्याकडे तेंदूच्या पानाला पत्ताच म्हणतात.
पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा.
उद्या कारखान्यात हजार मोजून द्यायच्या.
चेकर शंभर-दीडशे छाट काढेल,
कारण सांगणार नाही.

तिचं विडीचं कार्ड एकच होतं.
त्या एका कार्डावर वळायचो आम्ही पाचजण,
आजी, दोघी बहिणी,
दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री मीसुद्धा.
हात दहा, नाव एक.
तेव्हा कुणी म्हणालं नाही, हा घोळ आहे.
हे मी मलाच सांगतो,
पाचवा फोन चार्जिंगला लावताना.

बाबा जेकॉर्डचे पुठ्ठे ठोकायचे.
भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली,
एवढ्यावर चादरीत मोर उठायचा.
कुणाला वर, कुणाला खाली,
माझं कामही तेच.
माझ्या मागावर पांघरायला काही निघत नाही, एवढंच.

त्या बुधवारी शेवटच्या टेबलावर चौघे उरलो.
त्यातले तिघे मी.
चौथा कुणी पंपवाला_४७.
त्याच्याकडे दश्शीची जोडी,
आईकडे दोन राण्या.
तो खूप वेळ थांबला, घड्याळ संपत आलं,
मग त्याने सगळं लावलं.
तिसरी दश्शी येईल, असं वाटलं असेल त्याला.
उरलेल्या दोन्ही दश्श्या
एक काकूच्या फोनवर, एक सत्यनारायणच्या,
टाकून दिलेल्या, माझ्याच पाटावर.

जाता जाता त्याने लिहिलं,
'छान खेळलात ताई. माझी आई पण पत्ते खेळायची.'
भिंतीपलीकडे कात्री चालू होती.
मी आईच्या नावाने लिहिलं, 'धन्यवाद भाऊ.'
दोन शब्दांना अर्धा मिनिट लागला.

मग तिघेच उरलो, म्हणजे कुणीच नाही.
तरी लगेच संपवून चालत नाही, संशय येतो.
पाऊण तास
मी मलाच हरवत बसलो.

शनिवारी आईला फोन आला. बाई गोड बोलत होती.
'बालामणीताई, पत्ता सांगता का?'
'पत्ता यंदा खराब आलाय बाई,
अर्धा फाटका, हजाराला पुरत नाही.'
बाई गप्प. मग म्हणाली, 'घराचा पत्ता, ताई.'
आईने सांगितला. ब्लॉक, खोली, मारुतीच्या मागे.
काकूच्या खात्यावरचाही तोच,
सत्यनारायणच्याही.
मी दारात उभा, तोंडात ब्रश तसाच.

संध्याकाळी सहाही खाती बंद.
आईने आमच्या तेलुगूत विचारलं,
कोण होती रे, विडी दवाखान्याची?
हो म्हटलं.
काय केलं तिने?
छाट काढली.
किती?
सगळी.

आईचा हात थांबला नाही.
दोरा दाताने तोडत म्हणाली,
कारण विचारायचं होतंस.
मी कधी विचारलं नाही.